भाडं विचारण्याआधी भिंत बघा: चिपळुणातल्या एका घरशोधाचं प्रकरण

चिपळुणात स्वस्त घर मिळत नाही ही तक्रार अर्धीच खरी आहे. स्वस्त घरं मिळतात, फक्त ती बहुतेक पुराच्या पाण्यात उभी असतात. जी पाण्याबाहेर आहेत आणि परवडण्याजोगीही आहेत, त्यांना कुलूप असतं आणि त्यांची जाहिरात कुठेच नसते. पुढचं प्रकरण या दोन गोष्टींभोवती फिरतं. ते कुण्या एका घराचं नाही. अशा अनेक शोधांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका कुटुंबात गुंफल्या आहेत आणि रुपयांचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरले आहेत. भाडी दरवर्षी सरकतात, हिशेबाची रीत तीच राहते.

कुटुंब कराडकडचं. बाई कामथे उपजिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी स्टाफ नर्स, पगार २०,००० रुपये, घरभाडे भत्ता नाही. नवरा लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत ऑपरेटर, हातात येतात २४,०००. मुलगी तिसरीत जाणारी. सासूबाई सोबत, त्यांचे गुडघे गेलेले. कामथे शहराच्या दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटर, लोटे उत्तरेला परशुराम घाट ओलांडून. दोघांच्या वाटा उलट्या दिशांना, म्हणून घर मध्ये म्हणजे चिपळुणातच हवं. हातात मे महिन्याचे तीन आठवडे, कारण शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि पाऊस त्याच्याही आधी येतो.

बजेट ठरवताना त्यांनी एक शहाणपणा केला. नुसतं भाडं न धरता घरामुळे महिन्याला होणारा सगळा खर्च धरला: भाडं, मेंटेनन्स, वीज, पेट्रोल, शाळेची रिक्षा. दोघांच्या ४४,००० पैकी हा आकडा १४,००० च्या आत बसवायचा. लहान गावात भाडं कमी असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि वाचलेले पैसे रिक्षा-पेट्रोलमध्ये घालवतात.

भाव कशावर ठरतो

वाशिष्ठी आणि शिव या दोन नद्यांच्या काठावर चिपळूण वसलं आहे. गोवळकोटच्या बाजूने भरतीचं पाणी आत चढतं. वरून सह्याद्रीचा पाऊस, शिवाय कोयना प्रकल्पाच्या वीजघरांतून निघणारं पाणी कोळकेवाडीवरून वाशिष्ठीलाच मिळतं. हे तिन्ही एकाच वेळी जुळले की बाजारपेठ पाण्याखाली जाते. २६ जुलै २००५ ला गेली, २२ जुलै २०२१ ला त्याहून वाईट गेली. त्या दिवशी एसटी स्टँड बुडाला, सखल भागात पाणी पहिल्या मजल्याला टेकलं, मुंबई-गोवा महामार्गावरच्या वाशिष्ठी पुलाचा भाग खचला. नंतर नद्यांमधला गाळ काढण्याची मोठी कामं झाली, त्याने फरक पडतो. पण नदी आहे तिथेच आहे.

जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. भाडेकरूला हा नकाशा हाताळायची वेळ सहसा येत नाही, कारण पाण्याने स्वतःची रेघ भिंतीवर मारून ठेवलेली असते. गावात कुणालाही विचारा, हात छातीला, गळ्याला किंवा डोक्यावर लावून दाखवतात. हा हात कुठे लागला त्यावर त्या गल्लीचं भाडं ठरतं, जरी घरमालक तसं म्हणणार नसला तरी.

आणखी एक: भागाचं नाव ऐकून निर्णय करू नये. पेठमाप, मुरादपूर, चिंचनाका, खेर्डी ही नावं पुराच्या बातम्यांत आली, म्हणून तिथलं प्रत्येक घर बुडालं असं नाही. पाग किंवा कापसाळ म्हटलं की सगळं चढावर असंही नाही. एकाच रस्त्याच्या दोन टोकांत दहा फुटांचा फरक असतो.

चार घरं, चार हिशेब

पहिला आठवडा मोबाइलवर गेला आणि फुकट गेला. मोठ्या शहरांत चालणाऱ्या जागांच्या ॲपवर चिपळूणची मोजकी घरं, त्यातली निम्मी भाड्याने जाऊनही तशीच झळकणारी. एका जाहिरातीवर फोन करून त्यांनी २,००० रुपये टोकन पाठवलं. दोन दिवसांनी घर दुसऱ्याला गेलं. पैसे परत मिळाले ते केवळ यूपीआयच्या नोंदीत ‘घर टोकन, अमुक इमारत, परतीच्या बोलीवर’ असं लिहिलं होतं म्हणून. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, आणि दिलंच तर नोंदीत हे शब्द हवेत.

मग पायी शोध सुरू झाला आणि चार घरं पुढे आली.

बाजारपेठेलगतचं पहिलं घर तळमजल्यावर: दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भाडं ५,५००, डिपॉझिट १५,०००. शाळा चालत सहा मिनिटं. वीज सबमीटरवर, युनिटला १२ रुपये. ११० युनिटचे १,३२० झाले. स्कूटरने कामथ्याला रोज १८ किलोमीटर जा-ये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४६८ किलोमीटर. लिटरला ४५ चा ॲव्हरेज आणि १०५ रुपयांचं पेट्रोल धरून जवळपास १,१००. एकूण ७,९००.

बहादूरशेख नाक्याकडचा नवा फ्लॅट: तिसरा मजला, लिफ्ट, दोन बेडरूम, भाडं ११,०००, मेंटेनन्स १,२००, डिपॉझिट ५०,०००. स्वतंत्र मीटर असल्याने वीज ८५० मध्ये. पेट्रोल १,३३५, रिक्षा ९००. एकूण १५,२८५. बजेटबाहेर, तिथेच थांबले.

कापसाळला वाडीतलं स्वतंत्र कौलारू घर, ६,०००. कामथ्याच्या वाटेवर असल्याने पेट्रोल ६०० वर आलं, पण मुलीची रिक्षा १,५०० आणि नवऱ्याचं कंपनीच्या बसपर्यंतचं भाडं ७८०. विजेसह ९,७३०. पैशात बसत होतं. रस्त्यापासून अंगणापर्यंत जांभ्याच्या बेचाळीस पायऱ्या होत्या, कठडा नव्हता, आणि पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं. सासूबाईंनी खालूनच वर बघितलं. शिवाय पाणी विहिरीचं. शेजारच्या काकूंनी सहज सांगून टाकलं की एप्रिल-मेमध्ये टँकरवर भागवतात.

पागेच्या चढावरचा पहिल्या मजल्यावरचा वन बीएचके: भाडं ७,५००, मेंटेनन्स ५००, वीज ८५०, पेट्रोल ८५०, रिक्षा ७००. एकूण १०,४००. हा सहज मिळाला नाही. मागितलेला आकडाही हा नव्हता. त्याबद्दल पुढे.

आधी बाजारपेठेच्या घराचा निकाल लावू. पागेपेक्षा ते महिन्याला २,५०० नी स्वस्त, वर्षाला ३०,०००. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, कपाट, शिलाई मशीन आणि साठवलेलं धान्य मिळून जमिनीलगतचा ऐवज ९०,००० चा धरला, तर तीन वर्षांत एकदा घर बुडालं तरी हिशेब बरोबरीत सुटतो. मोठ्या दोन पुरांमध्ये सोळा वर्षांचं अंतर होतं. सोळा वर्षांत वाचतात ४,८०,०००. निव्वळ आकड्यांवर बाजारपेठेचं घर जिंकतं, हे कबूल करायला हवं. म्हणूनच तिथे लोक राहतात. ते मूर्ख नाहीत. दोघे तरुण, सामान दोन बॅगा आणि एक गादी असती, तर आम्हीही तेच घर सुचवलं असतं, वरचा मजला शक्य असेल तर बघून.

इथे घोडं वेगळ्या ठिकाणी अडतं. २०२१ चं पाणी रात्री वाढू लागलं आणि पहाटेपर्यंत घरांत शिरलं. या घरात नर्सच्या महिन्याला सात-आठ रात्रपाळ्या, नवऱ्याची आलटूनपालटून पाळी. म्हणजे महिन्यातल्या काही रात्री घरात फक्त एक म्हातारी, जिला माळ्याची शिडी चढता येत नाही, आणि आठ वर्षांची मुलगी. हा खर्च रकान्यात मांडता येत नाही, म्हणून घर बाद.

बुडालेलं घर ओळखायचं कसं

मालक म्हणतो, ‘इथवर पाणी येतच नाही हो.’ रंग ताजा असतो, वास उदबत्तीचा असतो. बाजारपेठेतल्या त्या घरात नर्सच्या नजरेला पहिल्यांदा पडलं ते स्विचबोर्ड. सगळे बोर्ड गळ्याइतक्या उंचीवर. फ्रिजचं सॉकेटसुद्धा साडेपाच फुटांवर, त्यातून एक लांब वायर खाली लोंबत असलेली. कुणी हौसेने सॉकेट इतकं वर बसवत नाही. एकदा चिखलात बुडालेलं वायरिंग काढून नवं टाकताना वायरमन ते पाण्याच्या रेघेच्या वर घेतो. बाहेर जिन्यात मीटरची पेटीही हात उंच करून रीडिंग घ्यावी लागेल इतकी वर.

मग बाकीच्या खुणा सापडत गेल्या. लाकडी दरवाजाचा खालचा फूटभर भाग फुगलेला, रंधा मारून बसता केलेला. कपाटामागच्या भिंतीवर, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोहोचला नव्हता, चार बोटं रुंद मातकट पट्टा. खालच्या अर्ध्या भिंतीचा गिलावा वरच्यापेक्षा गुळगुळीत. बोटाने टोकरलं तर पांढरी पूड, म्हणजे लोणा. भिंतीत मुरलेलं पाणी सुकताना क्षार बाहेर टाकतं. मोरीच्या जाळीखाली बॅटरी मारली तर पाइपात बारीक गाळ. यातली एक खूण असेल तर योगायोग समजा. तीन असतील तर मालकाला पुन्हा विचारायची गरज नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारा. तो वर्षासकट सांगतो आणि त्याला त्यात काही गमवायचं नसतं.

चढावरच्या घरांना पुराची भीती नाही, ओल मात्र आहे. चिपळुणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि नैर्ऋत्येकडून आडवा येतो. म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती आधी बघायच्या: खिडकीवर छज्जा आहे का, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला फोड आहेत का, छताला तपकिरी वलयं आहेत का. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर वरच्या मजल्याला गळती कमी. मे महिन्यात सगळं कोरडं असतं, त्यामुळे डाग हाच काय तो पुरावा.

पाण्याची परीक्षा सोपी. नळाला पाणी येण्याच्या वेळी जायचं, वीस लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. पागेच्या घरात पावणेदोन मिनिटं लागली, ती चांगली म्हणायची.

विजेचं बिल मागून ग्राहक क्रमांक घ्यावा आणि महावितरणच्या ॲपवर टाकून थकबाकी बघावी. या फ्लॅटवर ३,२४० रुपये थकलेले निघाले. मालकालाही ठाऊक नव्हतं, घर वर्षभर बंद होतं. नव्या भाडेकरूने हे आधी पाहिलं नाही तर महिन्याभरात वीज तोडायला माणूस दारात येतो आणि भांडण भाडेकरू-वायरमनचं होतं. बिलावर दर घरगुती आहे की व्यावसायिक, तेही बघावं. एके काळी तिथे क्लास किंवा ऑफिस असेल तर दर तसाच राहून जातो. सबमीटरवर युनिटला १२ रुपये का, तर मालकाच्या एकाच मीटरवर तीन बिऱ्हाडं असतात, सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या स्लॅबमध्ये जातात. मालक लुबाडतोच असं नाही, पण भुर्दंड तुमच्यावर येतो.

कुलपामागची घरं

पागेच्या त्या इमारतीत सोळा फ्लॅट, त्यातले पाच बंद. कोकणातल्या कुठल्याही शहरात हे चित्र दिसेल. मालक चाकरमानी, डोंबिवली-विरारला नाहीतर आखातात. घर निवृत्तीनंतरसाठी घेतलेलं, एरवी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आठ-आठ दिवस उघडणारं. ही घरं भाड्याने मिळू शकतात हे गावाबाहेरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही, कारण पाटी नाही, एजंट नाही.

ती शोधायची जागा म्हणजे इमारतीखालचं किराणा दुकान, इस्त्रीवाला, गॅस सिलिंडर पोहोचवणारा, केबलवाला आणि सोसायटीचा सेक्रेटरी. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर उभं राहून अंधाऱ्या खिडक्या मोजणं हाही एक उपाय आहे, आणि तो विनोद नाही. या प्रकरणात धागा सिलिंडरवाल्याने दिला: ‘सिस्टर, दुसऱ्या विंगला पहिल्या मजल्यावर वर्षभर सिलिंडर चढवला नाही मी. चावी खालच्या वहिनींकडे आहे.’

चावीवाल्या वहिनींशी बोलणं, मग त्यांच्यामार्फत मालकाला फोन. थेट फोन केला असता तर ‘द्यायचा नाही’ एवढंच उत्तर आलं असतं. पहिल्या फोनला तेच आलं, पण मागोमाग खरं कारणही आलं: ‘कूळ लागलं म्हणजे?’

ही भीती हसण्यावारी नेऊ नये. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याच्या हाती जमीन गेली, ती आठवण कोकणात घरोघरी आहे. ती शेतजमिनीची होती, घराची नव्हे, हे सांगून भागत नाही. कारण घरांच्या बाबतीतही तसं एकदा घडलं आहे. जुन्या भाडेकायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, राहत असलेल्यांना संरक्षित भाडेकरू मानलं गेलं आणि कित्येक मालकांची घरं कायमची अडकली. मालकांच्या पिढीने ते ऐकलेलं असतं.

आज कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, अंमल ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा घेऊ शकतो आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर वादात भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ‘अकरा महिन्यांचा आहे, स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं’ हा सल्ला गावोगाव चालतो, पण तो महाराष्ट्रात चूक आहे, आणि त्याचा फटका मालकालाच जास्त बसतो. नर्सने मालकाला हीच बाजू सांगितली: नोंदणी तुमच्यासाठी आहे काका, माझ्यासाठी नंतर. दुसऱ्या फोनला आवाज बदलला होता.

तिसरा अडथळा कायद्यात बसत नाही. फोनवर नाव सांगितल्यावर ‘आडनाव?’ विचारलं जातं आणि काही आडनावांना घर अचानक ‘कालच गेलं’ असतं. या कुटुंबाला दोन ठिकाणी तसं झालं. रुग्णालयातल्या जुन्या सहकारी सिस्टर सोबत आल्या की दारं थोडी उघडतात, कारण मग माणूस आडनावाने नव्हे तर ‘कामथ्याच्या दवाखान्यातल्या’ म्हणून ओळखला जातो. हा उपाय नव्हे, वाट काढणं आहे.

घासाघीस आणि करार

मालकाने मागितलं ८,५०० आणि ५०,००० डिपॉझिट. अटी दोन: आतली खोली कुलपात राहील, आणि गणपतीत दहा दिवस ते येऊन राहतील. वन बीएचकेमधली खोली बंद म्हणजे चौघांनी हॉलमध्ये झोपायचं. नर्सने भाड्यावर सुरुवात न करता खोलीवर केली. मालकाचं सामान काय, ते वहिनींसोबत जाऊन पाहिलं: एक गोदरेजचं कपाट, देवाचं चौरंग-मखर, चार भांड्यांची पोती. पोती आणि मखर माळ्यावर गेलं, कपाट कुलूप लावून हॉलच्या कोपऱ्यात राहिलं, खोली मोकळी झाली. गणपती मालकाच्या भावाकडे, त्याच आळीत, बसतो असं बोलण्यात निघालं. राहण्याची अट तिथेच विरली. मग भाडं: थकलेलं वीजबिल मालकाचं, पश्चिमेच्या खिडकीचा छज्जा दुरुस्त करायचा तोही मालकाचा, आणि भाडं ७,५००, डिपॉझिट ३०,०००. वर्षभर शून्य मिळवणाऱ्या घराला हा आकडा वाईट नाही, हे मालकाला कळत होतं.

मुदतीवर जरा ताणलं. तिची नेमणूक अकरा महिन्यांची, पुढे वाढवली जाणारी. मालकाला अकराच हवे होते. अखेर २२ महिने ठरले, अकरा महिन्यांनंतर ५ टक्के वाढ, आणि नेमणूक संपल्यास एक महिन्याच्या सूचनेवर दंडाशिवाय सोडता येईल हे कलम. फायदा कुठे होतो ते मुद्रांकात पाहा. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि परतीच्या डिपॉझिटवरील वार्षिक १० टक्के व्याजावर, मिळून ०.२५ टक्के. पहिले अकरा महिने ७,५०० दराने ८२,५००. पुढचे ७,८७५ दराने ८६,६२५. डिपॉझिटचं २२ महिन्यांचं व्याज ५,५००. बेरीज १,७४,६२५, तिचे ०.२५ टक्के ४३७ रुपये. पोर्टल पूर्णांक करून जे दाखवेल ते भरायचं. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. दोनदा अकरा-अकराचा करार केला तरी मुद्रांक साधारण तितकाच, पण नोंदणी फी दुप्पट आणि करार करून देणाऱ्याचे पैसेही दोनदा.

नोंदणी ऑनलाइन होते. आधार, पॅन, फोटो, मालकाची सूची दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा घरपट्टीची पावती आणि दोन साक्षीदार लागतात. मालकाचा अंगठा डोंबिवलीत घेतला, भाडेकरूचा चिपळुणात. कुणाला दुय्यम निबंधकाच्या ओट्यावर रांग लावावी लागली नाही. अंगठा उमटत नाही ही नेहमीची अडचण. मालकाच्या हाताला सिमेंटचं काम, दोनदा नाकारला. कोमट पाण्याने हात धुऊन, थोडं तेल लावून पुसून तिसऱ्या बोटाने घेतला.

करारात एरवी सुटणाऱ्या गोष्टी नावासकट घातल्या. गळती व भिंतीची दुरुस्ती मालकाकडे, नळाचा वॉशर आणि ट्यूब भाडेकरूकडे. डिपॉझिट चावी परत दिल्याच्या दिवशी, बिलं वजा करून. रंगासाठी ‘नेहमीची झीज’ वगळून. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून घेतलं जाणारं) मालकाचं, आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेक्रेटरीने महिना ३०० सांगितले होते, शासनाचा २००१ चा आदेश दाखवल्यावर ५० वर आले. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम. ते पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून डोंबिवलीतूनच झालं.

मालक आखातातला निघाला असता तर आणखी एक गाठ सोडवावी लागली असती. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने आयकर कापून भरायचा असतो आणि भाडं छोटं आहे म्हणून त्यातून सुटका नाही. मालक कुठे राहतो हा प्रश्न म्हणून पहिल्याच फोनला विचारावा.

९ जूनला सामान हललं. आत शिरण्याआधी मीटरचं रीडिंग, प्रत्येक भिंत, नळ आणि फरशीचे तडे यांचे ४३ फोटो काढून मालकाला त्याच संध्याकाळी पाठवले. सामानाचा विमा ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत फक्त घरातल्या वस्तूंपुरताही घेता येतो. चढावर राहूनही त्यांनी तो घेतला, वाऱ्याने पत्रा उडून खिडकीतून पाणी येण्याची शक्यता होतीच. खाली बाजारपेठेत राहणाऱ्याने तर तो आधी घ्यावा आणि नोंदणीकृत कराराची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत वर ठेवावी. पुरानंतर पंचनाम्यात नाव लागायला तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो आणि बहुतेकांचा तो पाण्यातच गेलेला असतो.

छज्जा वेळेत झाला नाही. गवंडी मिळेपर्यंत जुलै उजाडला आणि आतल्या खोलीच्या पश्चिम कोपऱ्यात हातभर ओल धरली. कलम लिहिलेलं होतं म्हणून वाद झाला नाही: ताडपत्री आणि गवंड्याचे मिळून २,६०० रुपये ऑगस्टच्या भाड्यातून वळते झाले, पावतीचा फोटो आधी पाठवून. कराराबाहेर एकच गोष्ट राहिली होती, कपाटाची किल्ली. गणपतीच्या आदल्या दिवशी मालकाची वहिनी मखर न्यायला आली, तेव्हा कपाटातली समई हवी होती आणि किल्ली डोंबिवलीत. समई शेजारच्यांची नेली.

दिवाळीच्या सुमारास समोरच्या बंद फ्लॅटचे मालक विरारहून आले. दार उघडून खोल्या झाडल्या, पाण्याची टाकी तपासली आणि संध्याकाळी नर्सच्या दारात उभे राहून म्हणाले, ‘सिस्टर, तुमच्या कराराची एक झेरॉक्स मिळेल का?’